पाखरू दाखवल्याची तक्रार

विम्याच्या कागदावर अगदी खाली दोन छोटे चौकोन होते. एकापुढे लिहिलं होतं, ‘कायदेशीर संरक्षण हवे’, दुसऱ्यापुढे, ‘नको’. अलोइस शाख्टनर चष्मा नाकाच्या टोकावर आणून पाव तास त्या चौकोनांकडे बघत होता. त्याची बायको झेन्झी त्याच्याकडे बघत होती, आणि विमा एजंट पिर्नबाखर गुडघ्यावर टोपी ठेवून दोघांकडे आळीपाळीने बघत होता.

शेगडीवर बटाटे उकळत होते. झेन्झीचे बटाटे दोनदा उकळावे लागत. पहिलं पाणी फेकून द्यायचं, मग दुसऱ्या पाण्यात पुन्हा. सात वर्षांपूर्वी तिची मूत्रपिंडं कामातून गेली होती आणि साधा बटाटासुद्धा तिच्या रक्ताला सोसत नसे. दोन पाण्यांतून निघालेल्या बटाट्याला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. अलोइसही तोच खाई. वेगळे बटाटे कोण उकळणार?

“कर की खूण,” झेन्झी म्हणाली. “वर्षाला दोन क्रेट बिअरचा खर्च. तेवढी तू कमी प्यायलास तर मरणार नाहीस.”

“कशाला हवंय पण?”

“कोणी कोर्टात खेचलं तर वकील कंपनी देते,” पिर्नबाखर म्हणाला.

“मी एकेचाळीस वर्षं दुधाचा टँकर चालवला. एक कोंबडी मेली नाही माझ्याखाली.”

“कोंबड्या कोर्टात जात नाहीत, लोइस.”

“माझं कोणाशी भांडण नाही.”

“कसं असेल?” झेन्झी म्हणाली. “भांडायला तोंड उघडावं लागतं.”

हे मात्र खरं होतं. आमच्या हिंटरमूसमध्ये अलोइसइतकं कमी बोलणारा माणूस दुसरा नव्हता. पूर्वी तो असा नव्हता म्हणतात. त्याचा एकुलता एक मुलगा कोर्बिनियान एकविसाव्या वर्षी गेला, तेव्हापासून त्याच्या बोलण्याला कुलूप लागलं. कोर्बिनियानने खानावळीत पैज मारली होती, की संध्याकाळची चर्चची घंटा सुरू झाली की मोटरसायकलला किक मारायची आणि घंटा थांबायच्या आत घरी पोचायचं. लिंडनच्या झाडाजवळच्या वळणावर तो पडला तेव्हा घंटा वाजतच होती. पैज बहुधा तो जिंकला असता, असं त्याचे मित्र अंत्यविधीच्या जेवणात म्हणाले, आणि ते ऐकून अलोइस ताटावरून उठून गेला.

त्या वळणावर त्याच्या नावाचा लाकडी क्रूस उभा केला होता, वर पत्र्याचं छोटं छप्पर घालून. आमच्याकडे रस्त्यात कोणी गेलं की असा क्रूस लावतात. अलोइसने त्यानंतर सतरा वर्षांत चर्चमध्ये पाऊल टाकलं नाही. रविवारी तो झेन्झीला दारापर्यंत सोडी आणि बाहेर गाडीत दूध संघाचं मासिक वाचत बसे. फादर वाइनझिर्ल दर ईस्टरला विचारत, “कधी येणार आत?” अलोइसचं उत्तर ठरलेलं, “विचार करून सांगतो.”

हे त्याचं नेहमीचं वाक्य. झेन्झीच्या वडिलांनी लग्नाचं विचारलं तेव्हाही तो हेच म्हणाला होता, आणि त्याने अकरा महिने विचार केला होता.

पण झेन्झीला एक आधार होता. सोमवार, बुधवार, शुक्रवार अलोइस तिला रक्त शुद्ध करायला जिल्ह्याच्या इस्पितळात नेई. वाट त्या वळणावरून जायची. क्रूस आला की झेन्झी डोळे मिटून मुलासाठी प्रार्थना म्हणे. मिटता मिटता तिला दिसे, की अलोइसचा उजवा हात चाकावरून सुटून कपाळाकडे जातोय. डोळे उघडले की हात परत चाकावर. म्हणजे माणूस चर्चला जात नसला तरी पोरासमोर छातीवर क्रूसाची खूण करतो! तिने हे त्याच्याकडे कधी काढलं नाही. काढलं तर तो बंद करील अशी तिला भीती. पण फादरना सांगितलं होतं, बहिणीला सांगितलं होतं, इस्पितळात शेजारच्या यंत्राला लावलेल्या बाईलासुद्धा सांगितलं होतं.

“मग काय लिहू?” पिर्नबाखरने विचारलं.

“विचार करून सांगतो,” अलोइस म्हणाला.

त्याने फारसा विचार केला नाही. शुक्रवारी झेन्झीला इस्पितळात सोडलं, गाडीच्या टपावर कागद ठेवून ‘नको’च्या चौकोनात फुली मारली, आणि तो पिर्नबाखरकडे टाकायला म्हणून परत निघाला.

वळणावर रस्ता अरुंद आहे. समोरून करड्या रंगाची मोठी गाडी आली आणि अलोइसला जाऊ द्यायला बाजूला थांबली. ती डॉक्टर ब्रोडरसन यांची. हॅम्बुर्गचे निवृत्त दातांचे डॉक्टर. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आमच्याकडचं जुनं शाळामास्तरांचं घर घेतलं होतं. उत्तरेकडचा माणूस, शुद्ध पुस्तकी बोलायचा आणि खानावळीत बिअरऐवजी चहा मागायचा, त्यामुळे गावाने त्याला त्याच्या चहासोबत सोडून दिलं होतं. त्यांनी काचेतून हात केला. त्यांच्या गाडीच्या बरोबर मागे क्रूस होता. अलोइसचा हात नेहमीसारखा वर गेला, आणि तो निघून गेला.

पुढच्या आठवड्यात हवालदार सायकलवरून आला.

“लोइस, तू डॉक्टरांना पाखरू दाखवलंस म्हणे.”

पाखरू दाखवणं म्हणजे कपाळावर बोट ठोकून दाखवणं. तुझ्या डोक्यात पाखरू फडफडतंय, तू वेडा आहेस, असा त्याचा अर्थ. पोरं एकमेकांना दिवसातून दहादा दाखवतात. पण मोठ्या माणसाने रस्त्यात दुसऱ्याला दाखवलं आणि त्याने तक्रार केली, तर आमच्याकडे तो गुन्हा आहे.

“कुठल्या डॉक्टरांना?” अलोइसने विचारलं.

“ब्रोडरसन. शुक्रवारी, वळणावर. ते म्हणतात तीनदा ठोकलंस. खरं का?”

अलोइसने वळणावरचा शुक्रवार आठवून पाहिला. गाडी आठवली. गाडीत माणूस असेल हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. खरं सांगायचं तर पुष्कळ सांगावं लागलं असतं, आणि आतल्या खोलीत झेन्झी वाटाणे सोलत होती.

“विचार करून सांगतो,” तो म्हणाला.

हवालदाराने वहीत लिहिलं, ‘आरोपीने इन्कार केला नाही’, आणि सायकलवर बसून गेला.

त्या एका ओळीवर कोर्टाचं पिवळं पाकीट आलं. दंड, आणि तीन महिने गाडी चालवायला बंदी. मान्य नसेल तर दोन आठवड्यांत कळवावं.

झेन्झीने कागद दोनदा वाचला. दंडाशी ती थांबली नाही. तिचं बोट ‘तीन महिने’वर टेकलं होतं. हिंटरमूसला बस दिवसातून एकदा यायची, शाळेच्या मुलांची, आणि सुट्टीत तीही नाही. आठवड्यातून तीन वेळा जायचं, पाच तास यंत्राला लावून घ्यायचं आणि परत यायचं. परतताना तिला पायरीसुद्धा चढवत नसे.

“तीन महिने,” ती म्हणाली. “मला तर तीन खाडे झाले तरी पुरेत.”

अलोइस उठला आणि तडक पिर्नबाखरच्या दारात गेला. पिर्नबाखर अंगणात पाण्याचे पाइप वाळत घालत होता. विम्याबरोबर तो गावच्या अग्निशमन दलाचाही प्रमुख होता.

“तो चौकोन,” अलोइस म्हणाला. “दुसरा हवा.”

“आता? लोइस, घर पेटल्यावर विमा काढता येत नाही. दोन्हीकडचा माणूस मीच आहे, मला विचार.”

“नको म्हणालो ती चूक झाली.”

पिर्नबाखरला त्याची दया आली. त्याने आतून नियमांचं पुस्तक आणलं, पायरीवर बसून पानं उलटली आणि त्याचा चेहरा उजळला. “अरे, वाईट वाटून घेऊ नकोस! तू हो म्हणाला असतास तरी काही मिळालं नसतं. हे बघ. मुद्दाम केलेल्या गुन्ह्याला संरक्षण नाही. आणि अपमान हा मुद्दामच होतो. चुकून कोणी पाखरू दाखवत नाही.”

त्याच्या मागोमाग धापा टाकत झेन्झी येऊन पोचली होती.

“मग तुमचं संरक्षण असतं कशाला?” तिने विचारलं.

“बाकी सगळ्याला.”

“बाकीचं काही आमच्या वाट्याला येतच नाही.”

ती पायरीवर बसली. दम खाऊन झाल्यावर अचानक तिने मांडीवर थाप मारली. “वळणावर ना? क्रूसापाशी? अहो पिर्नबाखर, हा पाखरू दाखवत नव्हताच! हा क्रूस करत होता. कपाळ, छाती, खांदे. नेहमी करतो तिथे. त्या दातवाल्याला काय कळणार! ते प्रोटेस्टंट, त्यांच्याकडे कुठे करतात!”

पिर्नबाखरने अलोइसकडे पाहिलं. “असं होतं होय? मग त्या हवालदाराला सांगायला काय झालं तुला?”

“झेन्झी,” अलोइस म्हणाला, “एक सांगायचं होतं—”

“काही सांगू नकोस. इतकी वर्षं मी कोणाला कळू दिलं नाही,” झेन्झी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “आता कळलं तर कळू दे.”

अशा चेहऱ्यासमोर काय बोलणार? गप्प बसण्याची त्याला सवय होतीच.

कोर्टाला उत्तर पिर्नबाखरने लिहून दिलं. फादर वाइनझिर्लनी चर्चच्या शिक्क्यानिशी दाखला जोडला, की अर्जदार आपल्या मृत मुलाच्या क्रूसासमोर नित्य क्रूसाची खूण करतो, असं त्यांना सात वर्षांपासून ठाऊक आहे. कोणाकडून ठाऊक, ते त्यांनी लिहिलं नाही. वर रविवारी प्रवचनात ते म्हणाले, “आपल्यातला एक मूक माणूस आज श्रद्धेसाठी कोर्टाची पायरी चढतोय.” बाहेर गाडीत मूक माणूस दूध संघाचं मासिक वाचत होता. झेन्झीने येऊन त्याला शब्द न् शब्द सांगितला.

“झेन्झी, ऐक—”

“आणि फादर म्हणाले, यंदाच्या चर्चच्या मिरवणुकीत पवित्र भाकरीवर धरतात त्या छत्राचा एक खांब तू धरायचास.”

“मी?”

“पुढचा उजवा.”

मे संपला तसा गावाला ताप चढला. जिल्ह्याच्या पेपरात चार ओळी आल्या. डॉक्टरांच्या फाटकापुढे कोणीतरी गाडीभर शेण ओतलं. त्यांची करडी गाडी चौकातून जाऊ लागली की लोक थांबून, तिच्याकडे तोंड करून, सावकाश क्रूस करू लागले. बोट कपाळावर जरा जास्तच वेळ रेंगाळायचं. खाटकाची बायको तर दोन्ही हातांनी करी. डॉक्टरांनी आणखी तक्रार केली नाही. पण त्यांच्याकडे सगळ्या चौकोनांत ‘हवे’ची फुली असणार, कारण त्यांनी म्युनिकचा वकील लावला.

आणि जूनमध्ये, अंगात सतरा वर्षांपूर्वीचा काळा कोट, त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास, अशा थाटात अलोइस शाख्टनर छत्राचा पुढचा उजवा खांब धरून गावभर चालला. घामाने त्याचा चेहरा बीटासारखा झाला होता. लोक म्हणाले, बघा, रडतोय. एरवी पाणीही मोजून पिणाऱ्या झेन्झीला त्या दिवशी दोन घोट जास्त प्यायची परवानगी होती, ते तिने त्याला दिलं.

त्या रात्री आणि नंतर आणखी एकदा अलोइसने सांगायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा ती झोपली होती. दुसऱ्यांदा यंत्राला लावलेली होती, आणि शेजारच्या यंत्रावरची बाई त्याच्याकडे संत बघावा तशी बघत होती.

सुनावणी सप्टेंबरमध्ये होती. बाहेर पाऊस होता. झेन्झीने बदकाच्या डोक्याची मूठ असलेली तिची छत्री खोलीच्या कोपऱ्यात उभी केली आणि पहिल्या बाकावर बसली. मागे फादर, पिर्नबाखर आणि निम्मं हिंटरमूस. न्यायाधीश एक तरुण बाई होत्या, नव्यानेच आलेल्या, सर्दी झालेल्या.

आधी डॉक्टर ब्रोडरसन उभे राहिले. उंच, वाळलेला माणूस. ते म्हणाले, “एकच बोट होतं. तीनदा ठोकलं. माझ्याकडे बघून.”

“फक्त एवढ्यासाठी तक्रार केलीत?” न्यायाधीशबाईंनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, “मी दोन वर्षं त्या गावात राहतो. रस्त्यात भेटेल त्याला हात करतो. मला कोणी हात करत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी हात उचलला. मला वाटलं, आलं बुवा उत्तर! तर ते असं होतं.”

मागच्या बाकांवर चुळबूळ झाली आणि थांबली. पिर्नबाखर आपल्या टोपीची शिवण तपासू लागला.

मग झेन्झी साक्षीला आली. “सात वर्षं मी त्याच्या शेजारी बसते,” ती म्हणाली. “त्याचा हात कुठे जातो ते मला माहीत नसेल तर कोणाला?”

“तुम्ही स्वतः पाहता? कपाळ, छाती, खांदे, सगळं?” डॉक्टरांच्या वकिलाने विचारलं.

“कपाळ पाहते.”

“आणि पुढचं?”

“पुढे माझे डोळे मिटलेले असतात. मी प्रार्थना म्हणते. डोळे उघडे ठेवून कोण म्हणतं?”

न्यायाधीशबाईंनी नाक पुसलं. “शाख्टनर, सोपं आहे. तुम्ही तिथे काय करता ते आम्हाला इथे करून दाखवा.”

अलोइस उभा राहिला. त्याने झेन्झीकडे पाहिलं. ती त्याला मान हलवून धीर देत होती, शाळेतल्या पोराला कविता म्हणायला उभं केल्यासारखी. त्याने उजवा हात उचलला. कपाळ. छाती. मग हात हवेत थांबला. हात आधी उजव्या खांद्यावर गेला, तिथे घुटमळला, डाव्यावर गेला, आणि पुन्हा उजव्यावर आला.

फादर वाइनझिर्लनी डोळे मिटून घेतले. आमच्याकडे तीन वर्षांचं पोरसुद्धा डावा खांदा आधी घेतं.

“नित्य करता?” वकिलाने हळूच विचारलं.

“नाही,” अलोइस म्हणाला.

“मोठ्याने बोला,” न्यायाधीशबाई म्हणाल्या.

“नाही. मी क्रूस करत नव्हतो. कधीच नाही. मी पाखरूच दाखवत होतो.”

मागून कोणीतरी “येशू, मारिया!” म्हणालं. झेन्झी हलली नाही.

“म्हणजे तुम्ही डॉक्टरांचा अपमान केलात हे मान्य आहे?”

“डॉक्टरांना नाही दाखवलं. ते मला दिसलेच नव्हते. पोराला दाखवलं.”

“कुठल्या पोराला?”

“माझ्या. क्रूसावर त्याचा फोटो आहे.” अलोइसने घसा साफ केला. सतरा वर्षांत त्याने एका दमात एवढं बोललेलं कोणी ऐकलं नव्हतं. “तो निघाला तेव्हा मी गोठ्याच्या दारात होतो. आधी घरी येऊन हेल्मेट ठेवून गेला. वजन होतं म्हणाला, वेग कमी होतो. मी म्हटलं, कशाला करतोस? तर म्हणाला, बिअरच्या एका क्रेटसाठी. मी त्याला असं केलं.” त्याने कपाळावर बोट ठोकलं, एक, दोन, तीन. “तो हसला आणि गेला. शेवटचं बोलणं आमचं तेवढंच. मग मी तिथून जातो तेव्हा पुन्हा दाखवतो. गाढवा, कशाला केलंस? दुसरं काय सांगणार त्याला?”

न्यायाधीशबाईंना नाक पुसायला रुमाल सापडत नव्हता. डॉक्टर ब्रोडरसननी आपला पुढे केला.

त्यानंतर निकालाला वेळ लागला नाही. पाखरू दाखवलं हे सिद्ध आहे, त्या म्हणाल्या, पण ज्याला दाखवलं तो तक्रारदार नव्हे. बंदी नाही, दंड नाही. डॉक्टर म्हणाले, त्यांना मान्य आहे.

लोक उठू लागले. पण म्युनिकचा वकील पैशाला जागणारा माणूस होता. त्याने पुस्तक उघडलं. “नोंद म्हणून सांगतो. मृत व्यक्तीची अप्रतिष्ठा हाही गुन्हा आहे. त्यात तक्रारीचा हक्क जवळच्या नातेवाइकांना असतो. मृत व्यक्ती अविवाहित असल्यास, आईवडिलांना.”

उठलेले लोक पुन्हा बसले. न्यायाधीशबाईंनी वकिलाकडे कंटाळून पाहिलं आणि मग पहिल्या बाकाकडे. “वडील तर आरोपीच होतील. शाख्टनरबाई, तुमची काही तक्रार आहे का?”

झेन्झी हळूहळू उभी राहिली. तिने कोटाची बटणं लावली, वरचं, मधलं, खालचं. अलोइसकडे पाहिलं नाही.

“मुदत किती असते?”

“कळल्यापासून तीन महिने.”

“विचार करून सांगते,” झेन्झी म्हणाली.

परतताना पाऊस थांबला होता. वळण आलं. अलोइसचे दोन्ही हात चाकावर होते, दहा बोटं घट्ट. झेन्झीने डोळे मिटले नाहीत. गाव दिसायला लागलं तेव्हा ती म्हणाली, “फादरना सांगितलं होतं मी. त्या यंत्रावरच्या बाईला सांगितलं होतं.”

“मी सांगणार होतो.”

“खांब धरून गावभर फिरलास.”

“जड होता,” अलोइस म्हणाला.

घरी आल्यावर तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर डिसेंबरमधल्या एका तारखेभोवती लाल पेन्सिलने गोल काढला. कारण सांगितलं नाही, आणि त्याने विचारलं नाही. ती रोज बटाटे दोनदा उकळी, तो रोज खाई. फक्त मीठ पुढे करताना दोघं एकमेकांकडे बघत नसत.

ऑक्टोबरात पिर्नबाखर पुढच्या वर्षाचा कागद घेऊन आला.

“या वेळी ‘हवे’वर फुली मार,” अलोइस घाईने म्हणाला.

“द्या इकडे,” झेन्झी म्हणाली. तिने कागद ओढून घेतला, चष्मा लावला आणि ‘नको’वर फुली मारली.

“झेन्झी, पण समजा कोणी तक्रार केली तर?” अलोइसने विचारलं, ‘कोणी’ हा शब्द अगदी सांभाळून उच्चारत.

“मुद्दाम केलेल्याला ते लागू नाही. यांनीच वाचून दाखवलंय. सात वर्षं आठवड्यातून तीनदा चुकून होतं का कोणाचं?”

पिर्नबाखरने कागदाची घडी घातली आणि कॉफी न घेता गेला.

लाल गोलाचा दिवस सोमवारी आला. इस्पितळातून निघाल्यावर झेन्झी यंत्रावरून उतरल्यावर दिसते तशी पांढरीफटक होती. गाडीत बसून ती म्हणाली, “कोर्टाकडे घे.”

त्याने गाडी कोर्टाकडे घेतली. तिला हात देऊन उतरवलं, पायऱ्यांपाशी सोडलं. वर येऊ का म्हणून विचारलं नाही. गाडीत येऊन बसला. दूध संघाचं मासिक उघडलं, उलटं होतं, तसंच धरून बसला. बर्फ भुरभुरायला लागलं होतं आणि काच पांढरी होत होती, पण तिला पुसायचं त्याला सुचलं नाही. कोर्टाच्या घड्याळात वीस मिनिटं गेली.

दार उघडलं. झेन्झी आत बसली, धापा टाकत.

“काय केलंस?” त्याने विचारलं.

तिने मांडीवर काहीतरी आडवं ठेवलं. बदकाच्या डोक्याची मूठ होती.

“छत्री,” ती म्हणाली. “त्या दिवशी राहिली होती. तळघरातल्या कपाटात टाकली होती मेल्यांनी. चल आता, अंधार पडेल.”

अलोइसला गाडी सुरू करायला तीनदा किल्ली फिरवावी लागली. शहर मागे पडलं. वळणावर लिंडनचं झाड दिसू लागलं, क्रूसाच्या छपरावर बर्फ साचलं होतं, आणि समोरून दिवे लावून करडी गाडी येत होती. ती बाजूला होऊन थांबली. डॉक्टरांनी हात केला. अलोइसचा उजवा हात, सवयीचा गुलाम, चाकावरून सुटला.

झेन्झीने त्याच्या मनगटावर छत्रीची मूठ हाणली.

“चाक धर,” ती म्हणाली. “माझे हात मोकळे आहेत.”

आणि तिने डावा हात वर करून डॉक्टरांना नीट, लांबवर दिसेल असा हलवला. मग उजव्या हाताचं बोट कपाळावर नेलं आणि क्रूसाकडे बघून ठोकलं, एक, दोन, तीन.